कुठे पाहिलंत?

आमच्या घरात मासे येत नाहीत, त्यामुळे ढीमर मंडळींशी आमचा संबंध शिंगाड्यापुरता. कार्तिक लागला की एक म्हातारे बाबा सायकलला दोन पिशव्या अडकवून दारात उभे राहतात. माप घालायच्या आधी ओट्यावर टेकतात, पाणी मागतात, मग इकडचं तिकडचं बोलतात. वीस-बावीस वर्षांचा हा शिरस्ता. सुरुवातीला त्यांना पाणी वेगळ्या तांब्यातून दिलं जायचं. सासूबाई गेल्या आणि तो तांब्याही कुठे गेला. मी तो शोधला नाही, एवढंच माझं शौर्य.

तर मागच्या एका कार्तिकात बाबा पाणी पिऊन झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, डोहात पानमांजर पाह्यली जी."

मी म्हटलं, "बरं."

त्यांना माझं 'बरं' फारच थंड वाटलं असावं. ते जवळ सरकले. "लय वर्सानं दिसली. माह्या जवानीत टोळीनं राहत. मंग गेल्या त्या गेल्या. हे येकलीच होती, रातच्याले. गोट्यावर बसून दोन्ही हातानं मच्छी धरून खात होती, लेकरू ऊस खाते तशी." आणि शिंगाडे मोजून दिल्यावर, सायकलवर टांग टाकता टाकता, "कोनाले सांगू नोका. पोट्टे जातीन."

मी हो म्हटलं. आपण किती सहज हो म्हणतो ना! भाजीवालीला, मोलकरणीला, बाबांना. त्या होकाराचं वजन पुढे कधीतरी कळतं.

आमचं गाव खैरलांजी. हे नाव बाहेर सांगितलं की ऐकणारा क्षणभर दचकतो, म्हणून लगेच पुढे जोडावं लागतं, "बालाघाटची, भंडाऱ्याची नव्हे." भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत 2006 साली एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. तेव्हापासून आमच्या गावाच्या नावालाही ती सावली चिकटली आहे. आमचं गाव मध्य प्रदेशात, पण बोली मराठी, पवारी, हिंदी अशी तिन्ही मिसळलेली. वैनगंगा या भागातून वाहते, पलीकडे महाराष्ट्र. माझं माहेर विदर्भातलं, सासर इथलं. नदी ओलांडून आले, भाषा मात्र तीच राहिली.

पाणमांजर म्हणजे मांजर नव्हे, हे मला बहिणीच्या मुलाने सांगितलं. तो नागपूरला प्राणिशास्त्रात काम करतो. दिवाळीत आला होता. (होय, मी त्याला सांगितलं. 'कोणालाच नाही' यात घरचे धरत नाहीत, अशी माझी समजूत होती. बाबांना दिलेला शब्द पंधरा दिवसही टिकला नाही.) तो ताट सारून उठलाच. "मावशी, एकटंच होतं? नक्की एकटंच? शेपूट कसं होतं? चपटं की गोल?"

आता मला काय ठाऊक! शेपूट पाहिलं बाबांनी, तेही रात्री.

मग त्याने समजावलं. ऊद किंवा पाणमांजर हा पाण्यात शिकार करणारा प्राणी. बोटांमध्ये पडदा असतो. आपल्या देशात त्याच्या तीन जाती. मैदानी नद्यांत बहुधा दिसतं ते गुळगुळीत केसांचं, टोळीने राहणारं, शेपूट टोकाकडे चपटं. दुसरं लहान नखांचं. तिसरं युरेशियन, ते बहुतेक एकटं राहतं, रात्री निघतं, शेपूट गोलसर निमुळतं आणि नाकाच्या वरच्या कडेला इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा आकार. हे तिसरं हिमालयाच्या बाजूला आणि दक्षिणेतल्या डोंगरांत आहे असं मानत. मध्य भारतात ते आहे याचा फोटोचा पुरावा नव्हता. आणि 2016 साली तो मिळाला. मध्य प्रदेश वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट यांनी जंगलात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले होते, ते वाघांसाठी. सातपुड्याच्या व्याघ्रप्रकल्पात आणि आमच्याच बालाघाट जिल्ह्यात, कान्हा आणि पेंच यांच्या मधल्या जंगलपट्ट्यात, त्या कॅमेऱ्यांपुढून हे जनावर गेलं.

म्हणजे शोधत होते वाघ आणि सापडलं पाणमांजर. मला ही गोष्ट भारीच आवडली. आपण हरवलेली किल्ली शोधताना चार वर्षांपूर्वीचं कानातलं सापडतं तसं.

भाच्याने आणखी एक सांगितलं. ऑस्ट्रेलियात पोटाला पिशवी असलेले प्राणी असतात, कांगारूच्या गोतातले. त्यातला एक सशाएवढा, गिल्बर्टचा पोटोरू. शंभरावर वर्षं तो कोणी पाहिला नव्हता, संपलाच असं धरून चालले होते. 1994 साली एक विद्यार्थिनी दुसऱ्याच प्राण्यासाठी पिंजरे लावत होती आणि त्यात हा येऊन बसला. साऱ्या जगात तेवढ्या एका जागी तो उरला होता. सापडला म्हणून मग त्यातले काही उचलून एका बेटावर नेऊन सोडले. पुढे 2015 साली मूळ जागेला आग लागली आणि तिथले बहुतेक मेले. बेटावरचे राहिले. "मावशी, कळलं नसतं तर एका आगीत जात संपली असती आणि संपली हेसुद्धा कोणाला कळलं नसतं," तो म्हणाला. मग विचारलं, "डोह कुठला?"

मी सांगितलं नाही. त्यावेळी तरी नाही. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता. तो अभिमान चैत्रापर्यंत टिकला.

महावीर जयंतीला आमच्या महिला मंडळाचा कार्यक्रम असतो. मला बोलायला सांगतात, कारण मी बी.ए. आहे आणि माझे लेख छापून येतात. विषय अहिंसा. दर वर्षी अहिंसाच असते. पाणी गाळून पिणं, रात्रीभोजन, कंदमूळ, सगळं बोलून झालेलं. बायका जांभया देत होत्या. आणि मला पाणमांजर आठवलं. मी रंगवून सांगितलं. रात्रीची वेळ, डोह, दगडावर बसून दोन्ही हातांनी खाणारं जनावर, लेकरू ऊस खातं तसं. (बाबांची उपमा मी माझी म्हणून वापरली.) नदीच्या कुठल्या वळणावर, कोणत्या झाडाखाली, तेसुद्धा ओघात बोलून गेले. म्हटलं, पाहा, आपल्या पायाशी केवढं जीवन आहे आणि आपल्याला पत्ताही नाही. टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

वैशाखात पाणी उतरलं तशी गावातली पोरं डोहावर गेली. कोणाच्या आईने घरी सांगितलं असणार. मोबाइल घेऊन गेली, दोन-तीन रात्री बसली, काही दिसेना म्हणून दगड मारले, एकाने लग्नातले उरलेले फटाके नेले. पोरं वाईट नव्हेत हो. त्यातला एक आमच्याच दुकानात हिशेबाला बसतो. त्यानेच हसत हसत सांगितलं, "काकू, तुमची मांजर काही दिसली नाही, पण एक बीळ सापडलं मुळ्यांखाली, त्यात फटाका टाकून पाहिला."

मी काहीच बोलले नाही. आत येऊन डाळ निवडत बसले. डाळ निवडणं हे आमच्या धर्मात जीव वाचवण्याचं काम आहे. एकेक टोके पडलेला दाणा बाजूला काढत होते आणि डोक्यात तो फटाका.

इथून माझ्या प्रश्नाला सुरुवात झाली. मी खोटं तर बोलले नव्हते. जे बोलले ते अक्षरशः खरं होतं. मग माझ्या हातून नेमकं काय घडलं?

आमच्याकडे समंतभद्र आचार्यांचं 'रत्नकरंड श्रावकाचार' घरोघरी असतं. लहानपणी पाठशाळेत घोकून घेतलेलं, अर्थ नंतर कळत गेला. त्यात श्रावकाच्या सत्यव्रताची व्याख्या आहे. मोठं खोटं बोलू नये, दुसऱ्याकडून बोलवू नये, आणि ज्या सत्याने दुसऱ्यावर संकट येईल ते सत्यही बोलू नये. हा तिसरा भाग मी शंभरदा वाचला होता. मला तो नेहमी शिकाऱ्याच्या गोष्टीपुरता वाटायचा. हरिण कुठे गेलं असं शिकाऱ्याने मुनींना विचारलं तर मुनींनी काय करावं, ही गोष्ट आपल्या सगळ्यांनी ऐकलेली. त्यात शिकारी कसा स्पष्ट दिसतो, हातात धनुष्य असतं. माझ्यासमोर बसल्या होत्या चाळीस साध्या बायका, जांभया देणाऱ्या. कोणाच्याही हातात धनुष्य नव्हतं. आणि मला कोणी विचारलंही नव्हतं!

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसतं जीव घेणं म्हटलेलं नाही, प्रमादातून जीव घेणं म्हटलं आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आपल्याच कषायांच्या धुंदीत वागणं. माझा कषाय कोणता, ते मला चांगलं ठाऊक आहे. तो टाळ्यांचा.

पुढे वाटलं, चला, धडा मिळाला, यापुढे मौन. दुर्मीळ जीव दिसला तर तोंड बंद. किती सोपं! पण ते सोपं उत्तर माझ्यापाशी फार दिवस राहिलं नाही. त्याला दोन कारणं घडली.

एक म्हणजे कातडी. पाणमांजराच्या अंगात थंडीपासून राखणारा चरबीचा जाड थर नसतो, सगळी मदार दाट केसांवर. तीच त्याची ऊब आणि तोच त्याचा काळ. 2003 साली तिबेटमध्ये सांगसांग इथे एक मोठा साठा पकडला गेला. 31 वाघांची कातडी, 581 बिबट्यांची आणि 778 पाणमांजरांची. वाघाची बातमी होते, पाणमांजराचा आकडा शेवटी येतो. शिकारी कोणाला पत्ता विचारत बसत नाहीत. त्यांचे लोक नदीकाठानेच फिरतात, विष्ठा पाहतात, वाट ओळखतात. म्हणजे माझ्या मौनाने ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्यापासून काहीच लपत नाही. लपतं ते फक्त राखणाऱ्यांपासून. आणि बोलण्याने चांगलंही घडतं. 2006 च्या जानेवारीत आंध्रातल्या अमरावतीला दलाई लामांनी तिबेटी लोकांना अशी कातडी वापरू नका असं सांगितलं, आणि तिबेटात लोकांनी आपापले उंची कातड्यांचे अंगरखे चौकात आणून जाळले. एका माणसाच्या भर सभेतल्या बोलण्याने. मीही सभेतच बोलले होते. फरक कुठे पडला, हे मी आजही पुरतं सांगू शकत नाही. एवढं दिसतं की त्यांनी माणसांना त्यांच्या स्वतःच्या अंगावरचं काही सोडायला सांगितलं होतं. मी नुसती मजा सांगितली.

दुसरं कारण रानपिंगळ्याचं. ही गोष्ट भाच्याने फोनवर सांगितली तेव्हा मी पोळ्या करता करता ऐकत होते, आणि एक पोळी करपली.

रानपिंगळा म्हणजे दिवसाही वावरणारं छोटं घुबड, फक्त आपल्या भारतात असणारं. इंग्रजी अमदानीत त्याचे मोजके नमुने गोळा झाले, काही छत्तीसगडच्या बाजूचे, काही खानदेशातले. गोळा झाले म्हणजे मारले. त्या काळी पक्षी आहे हे सिद्ध करायला तो मारून पेंढा भरून संग्रहालयात पाठवावा लागे. 1884 नंतर तो पुन्हा मिळाला नाही. फक्त एक नमुना 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदलेला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दिलेला. पुढे ज्यांनी तो पक्षी शोधला त्यांच्या मनात ती नोंद होती. खुद्द सालिम अलींनीही शोध घेतला. नाही सापडला. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातले जुने नमुने टाका उसवून, बारकाईने तपासले, तेव्हा कळलं की ही नोंद बनावट. त्या माणसाने संग्रहालयातलाच कोणा दुसऱ्याने खानदेशात मिळवलेला पक्षी चोरला, पुन्हा शिवला आणि त्याला खोट्या गावाची चिठ्ठी बांधली. मग रासमुसेनबाई आणि त्यांचे दोन सोबती ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांना गेले. 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, झाडाच्या उघड्या फांदीवर तो बसलेला दिसला. 113 वर्षांनी. नंतर मेळघाट, खंडवा, ठाण्याकडचं तानसा अशा ठिकाणीही तो आढळला.

मला त्या चिठ्ठीने झोपू दिलं नाही. ज्याने खानदेशात तो पक्षी मारला त्याने आमच्या दृष्टीने पाप केलं, त्यात शंका नाही. पण पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर त्याने गावाचं नाव खरं लिहिलं. आणि त्या एका खऱ्या नावाच्या धाग्याने शतकानंतर त्या पक्ष्याचे वंशज सापडले, त्यांचं रान राखण्याची भाषा सुरू झाली. खोट्या गावाने पक्षी झाकला गेला. आणि कोणीच काही लिहिलं नसतं तर? मौनाची चिठ्ठी कोरीच असते. कोरी चिठ्ठी घेऊन कोण कुठे जाणार?

आणि हे माझ्या गावच्या नावाने मला शिकवायला हवं होतं. त्या दुसऱ्या खैरलांजीत ज्यांनी पाहिलं आणि ज्यांनी तोंड उघडलं नाही, तेही मौनच होतं. माणसांच्या मरणाशी मी जनावराची तुलना करत नाही, तशी ती होऊच शकत नाही. एवढंच, की गप्प बसणं म्हणजे अहिंसा असं आता मला डोळे मिटून म्हणता येत नाही.

आमच्या नदीवर तर वेगळंच संकट आहे. वाळू. रेतीघाटांचे लिलाव होतात, यंत्रं उतरतात, काठ खचतात, डोह राहत नाहीत. जाळं न टाकता बारूद टाकून मासे मारणारेही आहेत. उद्या त्या डोहाशी घाट निघाला तर कोणी विचारणार नाही की इथे काय राहत होतं, कारण कागदावर तिथे काहीच राहत नाही. सारसाचं बघा. गोंदिया-बालाघाटच्या धानपट्ट्यात दर वर्षी सारस मोजतात, आणि ज्याच्या बांधीत घरटं आहे तो शेतकरीही मोजणाऱ्यांना ठाऊक असतो. तिथे घरटं उघड असणं हीच राखण. पण सारस उंच, देखणा, जोडीने नाचणारा. आपल्याला त्याच्यात नवरा-बायको दिसतात. पाणमांजराला कोण राखणार? ते मासे खातं.

हो, हा प्रश्नही मला मंडळातल्या एका भगिनीने विचारला. "अहो, रोज किती मासे मारत असेल ते! त्याला वाचवणं म्हणजे तेवढ्या जिवांचं पाप नाही का?" विनोद म्हणून नाही, मनापासून विचारलं. यावर अमृतचंद्र आचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये हजार वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय. एका हिंस्र जिवाला मारलं तर पुष्कळ जीव वाचतील, असा हिशेब करून हिंस्र जीवही मारू नये. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण मला वाटतं खरी गोष्ट निराळी आहे. आपण गाईला, कबुतरांना दाणापाणी देतो, पांजरपोळ चालवतो, कारण ते जीव आपल्यासारखे जेवतात. जो आपल्यासारखा जेवत नाही त्याच्यावर दया करायला आपल्याला जड जातं. मग तो नदीतला असो की नदीकाठचा. त्या तांब्याची आठवण मी उगीच केली नव्हती.

अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी आली. त्या दिवशी आपण एकमेकींना फोन करतो, आता मोबाइलवर संदेश पाठवतो, ज्यांच्याशी काही बिघडलेलं नाही त्यांना. ज्यांचं खरोखर बिघडवलंय त्यांच्याकडे सहसा जात नाही. मी यंदा बाबांच्या घरी गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा. आमचे हे म्हणाले, "सोबत येऊ?" मी नको म्हटलं, आणि वाटेत पस्तावले.

बाबा खाटेवर बसून जाळं सांधत होते. मी हात जोडून जे सांगायचं ते सांगितलं. शब्द मोडला, सभेत बोलले, पोरं माझ्यामुळे गेली. ते ऐकत होते, हात चालूच. म्हणाले, "मले मालूम हाये जी. पोट्टे मलेच पुसाले आले होते, डोंगा दे म्हनून." एवढंच. रागावले नाहीत, आणि माफ केलं असंही म्हणाले नाहीत.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "त्याच मांजरीनं हे जारं फाडलं न, बाई! चार हजाराचं जारं. अन् हे बुढा तिच्यासाठीच रडते."

मी जाळ्याकडे पाहिलं. मोठं भगदाड होतं. या माणसाने त्या जनावराने केलेलं नुकसान सोसलं आणि वर त्याचा पत्ता लपवला, आणि तो लपवलेला पत्ता माझ्या हातात दिला. मनात आलं, जाळ्याचे पैसे द्यावेत. पर्स उघडलीसुद्धा. आणि हात थांबला. कारण तेच 'रत्नकरंड'. अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातलं एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. तलवार, कुऱ्हाड, विस्तव, साखळ्या. जाळं त्यात आलंच की. मी दिलेल्या पैशाच्या जाळ्यात किती मासे मरतील! न द्यावं, तर पाणमांजर जगावं ही इच्छा माझी आणि तिची किंमत या म्हातारीने भरायची.

शेवटी मी येत्या हंगामाच्या शिंगाड्यांचे म्हणून पैसे ठेवले. जरा जास्तच. म्हातारीने मोजले आणि पदराच्या गाठीला बांधले. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "शिंगाडे घेतलेस की जाळं?" व्यापारी माणूस, बरोबर बोट ठेवलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर कळवा. मी एका माताजींनाही विचारलं. त्यांनी स्मित केलं आणि जप करायला सांगितला. जप करते आहे.

भाच्याचा प्रश्न उरला होता. डोह कुठला? तो माझा सांगण्याचा नव्हताच, एवढं मला उशिरा का होईना कळलं होतं. कार्तिकात बाबा आले तेव्हा मी भाचाही बोलावून ठेवला होता. ओट्यावर दोघांना समोरासमोर बसवलं, चहा दिला आणि आत गेले. दाराआडून ऐकत होते, खोटं कशाला बोलू. भाच्याने वाळूचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. दुर्मीळ जिवाची जागा नोंदवताना सगळ्यांसाठी ती मुद्दाम पुसट ठेवण्याची रीत असते, तेही सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मच्छी मारनं बंद त नाही करनार न तिथं?"

भाचा म्हणाला, "ते माझ्या हातात नाही, बाबा."

मला वाटलं, बिघडलं. हा मुलगा खोटं का बोलला नाही! पण बाबा म्हणाले, "खरं सांगतलं. चाल मंग."

दोन दिवसांनी पहाटे ते दोघं गेले. मी गेले नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं. ऊन चढल्यावर परतले. जनावर दिसलं नाही. ते मुळ्यांखालचं बीळ खचलेलं होतं. पण थोडं खाली, दुसऱ्या काठाला, एका सपाट गोट्यावर ओली विष्ठा होती, सगळी खवल्यांनी आणि काट्यांनी भरलेली. बाबांनी ती नुसत्या वासाने ओळखली. भाच्याने ती एवढ्याशा डबीत भरून आणली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. माझ्या स्वयंपाकघरात! मी काही बोलले नाही, खिडकी तेवढी उघडली. त्यावरून जात कळू शकते म्हणे, युरेशियन की दुसरं, पण त्याला वेळ लागतो.

नोंद त्याने ओट्यावर बसूनच केली. एक पूर्ण, जी तो फक्त वनविभागाकडे देणार होता. दुसरी, जी सगळ्यांना दिसेल, तिच्यात एवढंच: वैनगंगा, जिल्हा बालाघाट. कोणी पाहिलं, या रकान्यात त्याने बाबांचं नाव विचारलं. बाबांनी सांगितलं, मग पुसायला लावलं, मग थोड्या वेळाने पुन्हा लिहायला लावलं.

या लेखातही मी झाडाचं, वळणाचं आणि जवळच्या वस्तीचं नाव घातलेलं नाही, आणि एक-दोन खुणा हलवल्या आहेत. संपादकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही सांगितलं नाही. परवा मंदिरात त्याच भगिनी भेटल्या, मासे मोजणाऱ्या. म्हणाल्या, "मग दिसलं का हो ते पुन्हा? नक्की कुठे आहे तो डोह?"

मी पिशवीतून मूठभर शिंगाडे काढून त्यांच्या हातात ठेवले. म्हटलं, "यंदा फार गोड आलेत. खाऊन बघा."